दुधी चिरल्यावर कडू लागला, तर भाजी करून खाल्लेला चालेल का?

नाही, कडू दुधी शिजवूनही खाऊ नका, सरळ टाकून द्या. हा कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि उकळून किंवा मीठ चोळून तो जात नाही. अशा दुधीच्या रसाने उलट्या, रक्ताचे जुलाब होऊन, रक्तदाब एकदम घसरून माणसं दगावली आहेत. यावर उतारा असं औषध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. रस काढण्याआधी तुकडा चाखा, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. आलं-लिंबू घातलं की कडूपणा झाकला जातो, म्हणून आधीच चाखा, कडू लागला तर लगेच थुंका. खाऊन झाल्यावर मळमळ, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. कारल्याला मात्र हा नियम लागू नाही, त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा असतो.