अँटीव्हायरस घरातल्याच कॉम्प्युटरला अडवतो तेव्हा

प्रश्न : घोडबंदर रोडवर राहत्या घरातच आमचं हिशेबाचं काम चालतं. टॅलीचा डेटा हॉलमधल्या डेस्कटॉपवर आहे आणि दोन लॅपटॉप तो शेअर केलेल्या फोल्डरमधून उघडतात. ब्रॉडबँडवाल्यांनी राउटर बदलून दिला, त्या दिवसापासून लॅपटॉपवर ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ येतं. इंटरनेट तिन्हींवर नीट चालतं. डेस्कटॉपवरचा विकतचा अँटीव्हायरस बंद केला की फोल्डर लगेच उघडतो. तो काढूनच टाकू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काढू नका. तुमच्या एका तपासणीतच निम्मं निदान झालं आहे. डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर बंद केल्यावर फोल्डर उघडतो, म्हणजे केबल, वाय-फाय, शेअरिंग, पासवर्ड सगळं ठीक आहे. अडवणूक डेस्कटॉपच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणती जोडणी आत येऊ द्यायची ते ठरवणाऱ्या भागात, होते आहे. फोल्डरच्या परवानग्यांना हात लावू नका. ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देऊन टाका, असं सांगणारे बरेच भेटतात. त्याने हा प्रश्न सुटत नाही आणि अशिलांचे हिशेब मात्र उघडे पडतात.

आता राउटर बदलल्यावरच हे का झालं ते पाहा. विंडोज नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः राउटरच्या हार्डवेअर पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून (मॅक ॲड्रेस). वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, तरी राउटर नवा म्हणजे नेटवर्क नवं. बहुतेक सुरक्षा सॉफ्टवेअरही असाच हिशेब करतात. नवं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं जातं आणि पब्लिकमध्ये बाहेरून आत येणारी जोडणी बंद असते. इंटरनेट चालतं, कारण तिथे मागणी तुमच्या कॉम्प्युटरकडून निघते आणि तिचं उत्तर फायरवॉल आत येऊ देतो. फोल्डर उघडताना मात्र मागणी लॅपटॉपकडून डेस्कटॉपकडे येते, टीसीपी पोर्ट ४४५ वर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शिरण्याचं क्रमांक दिलेलं दार, ४४५ हे फाइल शेअरिंगचं). ती तिथेच थांबते.

डेस्कटॉपवर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा. केबल असेल तर ‘इथरनेट’, नसेल तर वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडा. बरेच जण इथे थांबतात आणि काही बदललं नाही म्हणून वैतागतात. विकतच्या सुरक्षा पॅकेजचा स्वतःचा फायरवॉल असतो, तो विंडोजच्या फायरवॉलची जागा घेतो आणि नेटवर्कची स्वतःची यादी ठेवतो. म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या फायरवॉलच्या पानावर जा, यादीतलं नवं नेटवर्क शोधा आणि त्याला ‘होम’ किंवा ‘ट्रस्टेड’ करा. शब्द कंपनीगणिक बदलतात, अर्थ एकच. दोन्ही लॅपटॉपवर हा बदल फक्त घरच्या नेटवर्कपुरता करा. उद्या तेच लॅपटॉप स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायला जोडले जातील, तिथे पब्लिकच हवं.

एवढ्याने भागलं नाही तर नियम लिहावा लागेल : दिशा ‘इनकमिंग’, प्रोटोकॉल टीसीपी, स्थानिक पोर्ट ४४५, आणि समोरचा पत्ता (आयपी ॲड्रेस, नेटवर्कमधला उपकरणाचा क्रमांक) फक्त घरातला. राउटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.१ ते १९२.१६८.१.२५४ एवढीच मर्यादा घाला. ‘एनी ॲड्रेस’ कधीही नको. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो याच पोर्टवर चालणाऱ्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून. राउटरमध्ये ४४५ चं पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून येणारी मागणी थेट घरातल्या कॉम्प्युटरकडे पाठवणं) तर कोणीही सांगितलं तरी करू नका. टॅलीचं लायसन्स डेस्कटॉपवरून लॅपटॉपला मिळत असेल, तर त्याचं पोर्ट वेगळं असतं, नेहमीच्या मांडणीत ९९९९. त्यालाही असाच मर्यादित नियम लागेल. नाहीतर फोल्डर उघडेल आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसलेल्या मर्यादित रूपात, सुरू होईल.

तपासताना डेस्कटॉपच्या नावाऐवजी त्याचा पत्ता वापरून पाहा : विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता लिहा. पत्त्याने उघडतं आणि नावाने उघडत नाही, तर ४४५ मोकळं आहे आणि नाव शोधणारी पोर्टं अडली आहेत : यूडीपी १३७, ५३५३ आणि ५३५५. ‘नेटवर्क’च्या यादीत डेस्कटॉप दिसण्यासाठी यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ लागतात, शिवाय डेस्कटॉपवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू हवी. यादीत दिसणं आणि फोल्डर उघडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पत्त्याने शॉर्टकट करून ठेवलात तर यादीच्या मागे लागायची गरज नाही. पण ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं किंवा पासवर्डची खिडकी उघडली, तर मागणी डेस्कटॉपपर्यंत पोहोचली आहे. तिथे दोष फायरवॉलचा नाही, वापरकर्त्याच्या खात्याचा आहे.

फोल्डर थोडा वेळ चालून अचानक बंद पडू लागला, तर पॅकेजमधला घुसखोरी ओळखणारा भाग पाहा. नेटवर्क चाळणारं एखादं ॲप किंवा स्कॅनरचं सॉफ्टवेअर एकामागून एक पोर्टं तपासतं. त्याला हा भाग हल्ला समजतो आणि तो पत्ता काही काळ बंद करतो. अडवलेल्या पत्त्यांच्या यादीत तुमचा लॅपटॉप सापडेल. आधी लॅपटॉप व्हायरससाठी पूर्ण तपासा. संसर्ग झालेला कॉम्प्युटरही नेमका असाच वागतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका. तो स्वच्छ निघाला तरच त्याच्या पत्त्याला सूट द्या.

प्रश्न : वाशीच्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. दोन्हींवरचा अँटीव्हायरस आणि विंडोजचा फायरवॉल बंद करून पाहिला, तरी एक दुसऱ्याला सापडत नाही. पिंगलाही (समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारून पाहणारी कमांड) उत्तर येत नाही.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आधी दोन्ही फायरवॉल पुन्हा चालू करा, इथे ते निर्दोष दिसतात. दोन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा आणि आयपीव्ही४ पत्ते शेजारी लिहा. एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.१२ असा निघाला, तर घरात दोन नेटवर्कं झाली आहेत. फायबरवाल्यांचा डबा स्वतःच राउटर असतो आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून त्याला दुसरा राउटर जोडलेला असतो. अशा मांडणीत दुसऱ्या राउटरमागचा कॉम्प्युटर पहिल्या नेटवर्कमध्ये पत्त्याने पोहोचू शकतो, उलट दिशेने नाही.

दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याला पहिल्या नेटवर्कमधला मोकळा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५०, आणि पहिल्या डब्याकडून येणारी केबल वॅन पोर्टमधून (बाहेरच्या इंटरनेटची खाच) काढून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांची खाच) लावा. वॅन रिकामंच ठेवायचं. तो २५० चा पत्ता पहिल्या डब्याच्या डीएचसीपी वाटपाच्या बाहेर असायला हवा, नाहीतर एके दिवशी तोच एखाद्या मोबाइलला मिळेल आणि दोघंही अडखळतील.

पत्ते एकाच मालिकेतले निघाले तर वाय-फायचं नाव पाहा. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाची खूणही हेच करते.

पिंगवर फार विसंबू नका. विंडोजचा फायरवॉल पब्लिकमध्ये पिंग गिळून टाकतो, कॉम्प्युटर चालू असला तरी. पिंग केल्यावर लगेच एआरपी कमांड चालवा, पुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि ए. समोरच्या पत्त्यापुढे हार्डवेअर पत्ता दिसला तर कॉम्प्युटर जोडलेला आहे, फक्त गप्प आहे. तिथे काहीच दिसलं नाही तर दोष सॉफ्टवेअरच्या अलीकडे, केबल किंवा वाय-फायमध्ये.

प्रश्न : नौपाड्यात आमच्या जुन्या इमारतीत केबलवाल्याची लॅन केबल जिन्यातल्या स्विचवरून थेट कॉम्प्युटरला लावली आहे. सुरक्षा सॉफ्टवेअर सारखं विचारतं, अमुक उपकरण जोडू पाहत आहे, परवानगी द्यायची का? घरात दुसरा कॉम्प्युटरच नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : परवानगी देऊ नका. तो संदेश बंद व्हावा म्हणून नेटवर्क ‘ट्रस्टेड’ करू नका. ते पब्लिकच ठेवा. दुसरं उपकरण घरात नसेल तर जे जोडू पाहतं ते बहुधा त्याच स्विचवरच्या दुसऱ्या कोणाचं आहे. शेजारी सज्जन असतील, पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काय शिरलं आहे ते त्यांनाही माहीत नसतं. एक साधा राउटर घ्या, केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये लावा, लॉगिनचा आयडी आणि पासवर्ड केबलवाल्याकडून घेऊन त्यात भरा, आणि राउटरचा कारखान्यातला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. जोडणी कॉम्प्युटरच्या हार्डवेअर पत्त्याशी बांधलेली असेल, तर केबलवाल्याला नवा पत्ता नोंदवायला सांगावं लागतं. तोपर्यंत इंटरनेट चालणार नाही.

प्रश्न : ऐरोलीत लाइट जाऊन आली की लॅपटॉपवरून प्रिंट निघत नाही, मोबाइलवरून निघते. प्रिंटरच्या पत्त्याला फायरवॉलमध्ये परवानगी दिलेली आहे.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ती परवानगी जुन्या पत्त्याला आहे. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला दुसरा पत्ता मिळाला. मोबाइल प्रिंटरला दर वेळी नव्याने शोधतो, लॅपटॉप जुन्या पत्त्यावरच पाठवत राहतो. प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापा, त्यावरचा हार्डवेअर पत्ता राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्वेशन’मध्ये नोंदवा आणि त्याला एक पत्ता कायमचा बांधून द्या. मग प्रिंटर बंद करून चालू करा. लॅपटॉपवर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’मध्ये तोच पत्ता भरा आणि फायरवॉलच्या नियमातही जुन्याच्या जागी तो लिहा.