विणकाम-भरतकामाची चार-पाच कामं एकदम सुरू असतात, एकही हातावेगळं होत नाही. तुम्ही कसं सांभाळता?

तुमची यादी (फक्त पाठीचा भाग विणून झालेला स्वेटर, सोंडेपर्यंत आलेला क्रॉस स्टिचचा गणपती, अर्धं तोरण आणि वर भाचीचा बाळंतविडा) वाचून हसू आलं. ठाण्यात माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात कधी डोकावलात तर कळेल का ते. माझ्या सासूबाई याला 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हणायच्या. मी तरी आजही तीन कामं एकदम ठेवते, आणि ती संपतातसुद्धा.

माझ्या अनुभवात खरा घोळ होतो तो काम खाली ठेवताना. कुकरची शिट्टी होते, आपण उठतो, सुया तशाच पिशवीत कोंबतो. तीन आठवड्यांनी उघडलं की कुठली ओळ चालू होती, बगलेचे किती टाके कमी केले होते, काही आठवत नाही. ते कोडं सोडवण्यापेक्षा नवे टाके घालणं सोपं वाटतं. पाचवं काम असंच सुरू होतं.

मला याची अद्दल लेकीच्या स्वेटरने घडवली. पाठ ८ नंबरच्या सुयांवर झाली होती. मधेच कुणाचं तरी टोपडं निघालं, म्हणून त्या सुया तिकडे पळवल्या. चार महिन्यांनी पुढचा भाग घेतला तो हाताला लागल्या त्या सुयांवर, आणि त्या निघाल्या १० नंबरच्या. पाठीला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले होते, पुढे २५. ६६ टाक्यांची पाठ ३० सेंटिमीटर रुंद, आणि तेवढ्याच टाक्यांचा पुढचा भाग जेमतेम साडेसव्वीस! कळलं कधी, तर बाजू शिवायला घेतल्यावर. पुढचा सगळा भाग उसवला. लेक शेजारी बसून गुंडा गुंडाळत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक कामाची पिशवी वेगळी, सुया त्या कामाच्या मालकीच्या, आणि आत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर सुईचा नंबर, एकूण टाके, झालेल्या ओळी, पुढची ओळ सुलट की उलट. नंबरासोबत मिलिमीटरही लिहा. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन नंबरांत बरोबर उलट. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, त्यांची ८ म्हणजे ५. यूट्यूब बघून विणणाऱ्या निम्म्या जणी इथेच फसत असतील. लोकरीचं लेबलही त्याच पिशवीत टाका, त्यावर लॉट नंबर असतो, म्हणजे लोकर कुठल्या खेपेत रंगवली त्याचा आकडा. लॉट बदलला की तोच रंग उन्हात वेगळा दिसतो. दुसरा लॉट घ्यावाच लागला तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या असं काही अंतर विणा, जोड उठून दिसत नाही.

आणि ओळ अर्धवट सोडून उठू नका. कुकरची एक शिट्टी जास्त झाली तर डाळ काही बिघडत नाही. जाळीची वीण असेल तर दर दहा-बारा ओळींनी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. पुढे चुकलं तर तिथपर्यंतच उसवायचं.

आता कुठलं काम कधी. मी ठाण्याहून वाशीला जाते. गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे थोडी आधी गेलं की बसायला मिळतं आणि अर्धा तास हातात येतो. त्यात मी डोकं न लागणारं काम नेते: तोरणाचे खांब आणि साखळ्या (हे क्रोशाचे साधे टाके), नाहीतर साधी सुलट वीण. ऐरोली ते कोपरखैरणे दोन ओळी आरामात होतात. लांब सुया मात्र गाडीत नकोत, शेजारणीच्या कुशीत जातात. क्रोशाची सुई किंवा वायरची गोल सुई बरी. मोजून करायचं काम, म्हणजे तुमचा गणपती, रविवारी सकाळी खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली काळा आणि नेव्ही ब्लू सारखेच दिसतात. नमुन्याच्या चौकटीच्या कागदाची झेरॉक्स काढून झालेली घरं पेन्सिलीने रंगवत जा. मूळ कागदावर खुणा केल्या तर तोच नमुना पुन्हा कुणासाठी काढता येत नाही.

भरतकामाचं आणखी एक, कारण आपली हवा दमट. एकदा जुलैत मी टेबलक्लॉथमध्ये सुई टोचून, रिंग तशीच आवळून कपाटात ठेवला. गणपतीच्या तयारीत बाहेर काढला तर सुईच्या जागी तपकिरी गंजाचा डाग, आणि भोवती रिंगचं मळकट वर्तुळ. वर्तुळ धुऊन गेलं. डागावर लिंबू-मीठ चोळायचा धीर झाला नाही, भरलेल्या दोऱ्याचा रंग उतरला असता. शेवटी तिथे एक जास्तीचं पान भरलं. नक्षीत ते कुठेच बसत नाही, पण आजवर कुणी विचारलेलं नाही. उठताना रिंग काढायची आणि सुई डबीत, एवढं केलं असतं तर बस होतं.

तुमच्या चारांत बाळंतविडा आधी, बाळ काही थांबणार नाही. मोजे दोन्ही एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी बरोबर विणा, म्हणजे दुसरा मोजा राहून जाणार नाही. माप सहा महिन्यांचं धरा. बाळ उन्हाळ्यात येणार असेल तर लोकर सोडा, सुती धाग्याचं टोपडं करा. ठाण्याच्या मे महिन्यात लोकरीला हात लावला तरी घाम फुटतो, बाळाला कुठे घालता!

स्वेटरबद्दल प्रामाणिकपणे सांगू? ज्याच्यासाठी विणायला घेतला होता त्याची छाती एव्हाना दोन इंच वाढली असेल तर उसवा. लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगा. कुरळेपणा बराच निघून जातो, आणि भाचीच्या बाळाला दुपट्याची किनार त्यातच होईल.