४५ एचपीच्या ट्रॅक्टरला १० टनांची ऊस ट्रॉली लावायची तर काय काय बदलावं?

भाऊ, शहाद्याकडे ऊस वाहायला दोनचाकी ट्रॉली विकून चारचाकी घेताय, भरून १० टन होईल, आणि मिस्त्री म्हणतो इंजिनचा डिझेल पंप वाढवून घ्या, असं तुम्ही लिहिलंय. पंपाला हात लावू देऊ नका. काळा धूर निघेल, डिझेल जाईल, क्लच प्लेट लवकर बसेल आणि ओढ तेवढीच राहील. खालच्या गिअरमध्ये ४५ एचपीचं इंजिन जेवढा जोर देतं तेवढा तुमची चाकं जमिनीला लावूच शकत नाहीत.

दोन टनांचा ट्रॅक्टर धरा. त्यातलं साधारण १३०० किलो मागच्या चाकांवर. सुक्या कच्च्या रस्त्यावर त्यातून ८०० किलोच्या आसपास ओढ मिळते, ओल्या काळ्या जमिनीत त्याच्या निम्मीसुद्धा नाही. आता ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून १२ टन, कालव्याच्या चारीवर चढणारा वीस फुटाला एक फुटाचा चढ: नुसत्या चढाला ६०० किलो, कच्च्या रस्त्याला आणखी ४००. चाकं जागेवर फिरणारच. दोनचाकी ट्रॉली थोडं वजन हुकावर टाकायची, त्यामुळे मागची चाकं दाबून धरायची. चारचाकी आपला भार स्वतःच्याच चाकांवर घेते, ती मदत गेली.

म्हणून आधी वजन. व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत मागच्या टायरांत पाणी भरा. दोन्ही मिळून साडेतीनशे-चारशे किलो वाढतात, खर्च जवळपास नाहीच. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून मीठ घालतात, आपल्याकडे त्याची गरज नाही. वर चाकांना बिडाची वजनं लावा. पुढेही थोडं वजन हवं, नाहीतर चढावर पुढचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. मोठे टायर मात्र नकोत, त्याने प्रत्येक गिअर लांब होतो आणि ओढ कमीच होते. हुक खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच. टॉप लिंकच्या जागी, म्हणजे मागच्या वरच्या जोडाला, साखळी बांधून ओढणारे मी पाहिलेत. ट्रॅक्टर मागे उलटतो तो असाच.

आता ब्रेक. खरा पैसा इथे घाला. टूव्हील ड्राइव्हला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर हे १२ टन त्या दोन टायरांनीच थांबवायचे. तेवढ्याच उतारावर डांबरी रस्त्याने २५ च्या वेगात असाल तर थांबायला साठ-सत्तर मीटर लागतील, तेही रस्ता सुका असेल तर. वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवी करते ती वेगळीच. ब्रेकवालीच ट्रॉली घ्या. ट्रॅक्टरने वेग कमी केला की ट्रॉलीच्या ढकलण्याने लागणारा साधा ब्रेक असला तरी चालेल, फक्त रिव्हर्स घेताना तो लागू नये म्हणून अडकवून बंद ठेवावा लागतो. हायड्रॉलिक मिळाला तर उत्तम. रस्त्यावर डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेले ठेवा, आणि उतारावर न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा.

बाकी किरकोळ. ट्रॉलीचं पासिंग ट्रॅक्टरपेक्षा वेगळं होतं. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवे हवेतच. हंगामात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात आणि मागून येणाऱ्याला उसाचा ढीग अगदी जवळ आल्यावरच दिसतो.