कळा चालू असताना बेडी कशाला?

प्रश्न: ताई, मी परभणीकडं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात रात्री जेलमधली एक बाई आली, दिवस भरलेले, कळा चालू, आणि एका हाताची बेडी कॉटच्या पाइपला. मी म्हणले काढा की आता, तर हवालदार म्हणतो पळाली तर सस्पेंड मी होईन, तुम्ही होणार का. डॉक्टर पण गप्प. तेव्हापासून आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात, काही जणी म्हणायल्यात गुन्हा केलाय ना, मग भोगू दे. कायदा काय म्हणतो?

उत्तर: हवालदाराची भीती खोटी नाही बरं का, आरोपी पळाला की चौकशी त्याचीच लागते आणि रात्रीच्या एस्कॉर्टला माणसं किती देतात ते तुम्ही बघताच. पण माणसं कमी पडतात ह्याची शिक्षा त्या बाईच्या मनगटाला कशाला? जिला बाथरूमला न्यायला दोघी लागतात ती पळून पळून जाणार कुठं हो.

तुमच्यासारखीच गोष्ट गुवाहाटीच्या मेडिकल कॉलेजात झाली होती, टाडा ह्या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलेले आरोपी पेशंट आणि बेड्या कॉटला. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ते बघितलं, सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, आणि 1995 मधे कोर्टानं स्पष्ट सांगितलं की मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय बेडी नाही, कैदी शिक्षा झालेला असो की अंडरट्रायल, म्हणजे खटला अजून चालू असलेला. त्याआधी 1980 मधे सुप्रीम कोर्टाच्याच प्रेमशंकर शुक्ला केसमधेही हेच, बेडी म्हणजे अपवाद, रोजचा रिवाज नाही.

आता कुणी म्हणेल नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक-खटल्याच्या पद्धतीच्या कायद्यात, बेडीला परवानगी आलीय. आलीय, कलम 43 मधे, काही गंभीर गुन्ह्यांसाठी. पण ती अटक करताना आणि कोर्टात हजर करताना, लेबर रूमचं नाव त्यात कुठंच नाही. युनोच्या 2010 च्या बँकॉक नियमांत तर 24 वा नियमच हा आहे की कळा चालू असताना, बाळंत होताना आणि त्यानंतर लगेच कसलीच बेडी नको. अमेरिकेत पण हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, तिथं फेडरल म्हणजे केंद्राच्या जेलपुरती कायद्यानं बंदी यायला 2018 उजाडलं, तीही अपवाद ठेवून.

भोगू दे म्हणणाऱ्या मैत्रिणींना एवढंच विचारा, एकदम सिझरला घ्यायची वेळ आली आणि चावी हवालदाराकडं, हवालदार खाली चहाला, तर जीव कुणाकुणाचा जातो? पोटातल्या लेकराचा गुन्हा कोणता? कुशीवर वळता येत नाही, बाळाला नीट धरता येत नाही, हे मी नर्सला काय सांगू.

परत असं झालं तर वाद घालत बसू नका. मॅजिस्ट्रेटची लेखी ऑर्डर दाखवा म्हणा. नसेल तर मेडिकल ऑफिसरांकडून केसपेपरवर टायमासकट लिहून घ्या की उपचारासाठी बेडी काढायला सांगितली. कागदावर आलं की हवालदारालाही आधार होतो, उद्या साहेबाला दाखवायला. लेडी कॉन्स्टेबल आत, बाकीचे दाराबाहेर. आणि नातेवाईक भेटले तर वकिलाला लवकर गाठायला सांगा, 2024 मधे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं एका गरोदर आरोपीला बाळंतपणासाठी 6 महिन्यांचा तात्पुरता जामीन दिलाय. दिवस भरायच्या आधीच अर्ज गेला तर ही रात्रीची धावपळ होतच नाही.