अंदमानात मुलांचा दिवस पहाटे सुरू करा

पहिल्यांदाच मुलांना घेऊन जाताय, तर आधी घड्याळाचा हिशोब बदला. हिवाळ्यात तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो. ‘जेवून, झोपून, मग समुद्रावर’ हा कोकणातला बेत तिथे फसतो. सहा ते साडेनऊ पाण्यात, दुपारी खोलीत, तीननंतर पुन्हा बाहेर. पाण्यात उतरण्याआधी मगरीच्या इशाऱ्याचा फलक आहे का, ते बघा.

मुलं सगळ्यात जास्त रमतात ती शहीद द्वीपच्या (जुनं नील) नैसर्गिक पुलाजवळ, म्हणजे खडकाच्या कमानीपाशी. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ जीव), छोटे मासे दिसतात. भरतीला तिथे काहीच नसतं, म्हणून हॉटेलात ओहोटीची वेळ विचारा आणि तासभर आधी पोहोचा. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालची आज चालत नाही. पायांत मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात. साध्या चपला शेवाळावर घसरतात आणि प्रवाळाने पाय कापतो. हात लावायचा नाही, फक्त मोजायचं. शंख-प्रवाळ खिशात घालू देऊ नका, विमानतळावर सामान तपासतात.

वाळूच्या किल्ल्यासाठी बादली-फावडं घरूनच न्या. कोरडी वाळू ढासळते, फार ओली वाहते. आठ मग वाळूला एक मग पाणी, आणि थर दाबत भरा.

बोटीत चढण्याआधी तासभर हलकंच खायला द्या. मोबाईल मात्र अजिबात नको: खाली बघत बसलं की उलटी ठरलेली. लांब क्षितिजाकडे बघायला लावा.