कंठ, कंठी आणि करण पोपट

“ज्याच्या गळ्यावर कंठी असते तो करण पोपट आणि नसते तो साधा कीर, हा भेद बरोबर आहे का?” असा प्रश्न आला आहे. तो भेद बरोबर नाही, आणि गोंधळाचे मूळ ‘कंठ’ या शब्दातच आहे.

पोपटाच्या गळ्याभोवतीच्या काळ्या-गुलाबी वळ्याला मराठीत कंठ किंवा कंठी म्हणतात. हे वळे कीर आणि करण या दोन्ही जातींत असते, परंतु ते फक्त वयात आलेल्या नराला, साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत, येते. मादीला आणि पिलांना ते नसते. मुलाचा आवाज फुटला की ‘त्याला कंठ फुटला’ असे आपण म्हणतो आणि पोपटाच्या गळ्यावर वळे उमटले की त्यालाही ‘कंठ फुटला’ म्हणतात. दोन्हीकडे अर्थ वयात येण्याचाच आहे, हे मला या वाक्प्रचाराचे सर्वांत सुंदर अंग वाटते. तेव्हा कंठावरून नर ओळखावा, जात ओळखू नये.

जात ओळखायची तर खांदा पाहावा. करण पोपटाच्या पंखाच्या मुळाशी काळपट लाल डाग असतो, आणि तो नर-मादी दोघांनाही असतो. किराला तो मुळीच नसतो. करण पोपट शेपटीसकट सुमारे ५५ सेंटिमीटर भरतो, तर कीर ४० सेंटिमीटरांच्या आसपास. करणाची चोच जाडजूड आणि आवाज अधिक घोगरा असतो. पक्षी विकणारे त्याला ‘पहाडी’ म्हणतात, पण तो सपाटीवरही राहतो, त्यामुळे ते नाव मला फसवे वाटते. (१९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोन्ही पोपट पाळणे गुन्हा आहे, तरी हा शब्द बाजारात टिकून आहे.)

पोपटाची उरलेली नावे मुळात जातिवाचक नाहीत. शुक आणि कीर संस्कृतातून आले. कोकणीत ‘कीर’ हाच आजही रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, तर मराठीत तो पुस्तकी होऊन पक्षिनिरीक्षकांच्या यादीत एका जातीला चिकटला. रावा हा जुन्या मराठीतला, आणि राघू हे तर लाडाचे नाव. पिंजऱ्यातला पक्षी करण असो वा कीर, मैनेशेजारी बसला की तो राघूच.