रिचार्जची किंमत नव्हे, दिवसाचा भाव बघा

आधी किमतीला दिवसांनी भागा. समजा, ३०० रुपयांत २८ दिवस मिळतात, म्हणजे दिवसाला १० रुपये ७१ पैसे. २८ दिवसांचा 'महिना' वर्षात १३ वेळा येतो, त्यामुळे खर्च ३६०० नाही, ३९०० होतो. ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमामुळे प्रत्येक कंपनीला ठेवावाच लागतो. जाहिरातीत तो सहसा दिसत नाही, ॲपमध्ये खाली सरकवून शोधा.

मग फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा महिन्याचा वापर बघा, वायफायचा धरू नका. रोज दीड जीबीच्या प्लॅनमध्ये उरलेला डेटा सहसा रात्री १२ ला बुडतो. घरी वायफाय असेल तर रोजची मर्यादा नसलेला, एकरकमी डेटाचा प्लॅन बरा. आई-बाबांच्या साध्या फोनला तर फक्त कॉल-एसएमएसचं व्हाउचर पुरतं.

डेटा ॲड-ऑनने मूळ प्लॅनची मुदत वाढत नाही, इथे बरेच जण फसतात. फुकटचं ओटीटी बघणार नसाल तर हिशेबात धरूच नका.

नंबर पोर्ट करायचा, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची, तर घरात, ऑफिसात दुसऱ्या कंपनीची रेंज आधी तपासा. नंतर ९० दिवस परत पोर्ट करता येत नाही.